दुकानातला अडॉप्शन कॉर्नर फार आवडला
या पेट शॉपने प्राण्यांच्या संस्थेसोबत दत्तक घ्यायचा कोपरा सुरू केलाय आणि खरंच मनापासून चालवलाय, कुत्री-मांजरं विकायला नाहीतच, सगळी संस्थेची, आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून देत नाहीत. फॉर्म भरला की लगेच हातात देतात असंही नाही, घरातल्या सगळ्यांशी बोलतात, लसीकरणाचं कार्ड दाखवतात, रेबीजची लस 3 महिन्यांचं झाल्यावर द्यायची, नसबंदी कधी करायची सगळं नीट समजावतात. फक्त मोठ्या वयाची कुत्री मागे ठेवलीत ते पटलं नाही, त्यांना पुढे आणा ना प्लीज, बिचाऱ्यांनाच घर मिळायला जास्त वेळ लागतो. आमचं मांजर सुरुवातीला पलंगाखालून बाहेरच येईना, तेव्हा संस्थेच्या ताईंनी फोनवर खूप मदत केली.