ओबीच्या ढिगाऱ्यावर काथ्याची जाळी : दोन पावसाळे वापरून झाल्यावर

आम्ही वणी-घुग्घुस पट्ट्यात ओपनकास्ट खाणींच्या ओबीवर गवत, झाडं लावायचे छोटे ठेके घेतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओबी म्हणजे कोळशाच्या वरची माती-दगड काढून जे डोंगर रचतात ते. माझं स्वतःचं वावर अशाच एका डोंगराच्या खालच्या अंगाला, नाल्याला लागून आहे, त्यामुळे पावसात वरून काय येतं ते मला कोणी सांगायची गरज नाही, पऱ्हाटीच्या बुडाशी बसलेला चार बोटं पिवळा गाळ मी हाताने उकरून काढलाय. म्हणून हा रिव्ह्यू जरा मनापासून लिहितोय.

जाळी म्हणजे नारळाच्या काथ्याची विणलेली, कॉयर जिओटेक्स्टाइल म्हणतात ती. 400, 700 आणि 900 जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम) अशा जाडीत मिळते, रोल 50 मीटरचा. आम्ही आधी 400 ची घेतली आणि ती चूक झाली, आपल्याकडच्या उभ्या उतारावर 700 च पाहिजे. खाणीच्या पर्यावरण मंजुरीच्या अटीत ढिगाऱ्याचा उतार 28 अंशांच्या आत ठेवा असं असतं, पण प्रत्यक्षात मधले टप्पे बरेच उभे असतात आणि पाणी तिथूनच माती ओढून नेतं.

पहिल्या वर्षी आम्ही जाळी गादीवरच्या चादरीसारखी ताणून बसवली, दिसायला एकदम मस्त, फोटो पण काढले. मिरगाचा पहिला दणका आला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर जाळी जागच्या जागी आणि तिच्या खालून हातभर खोल घळ पडलेली, कारण खड्ड्याखड्ड्यावर जाळी अधांतरी होती आणि पाण्याला खालून मोकळा रस्ता मिळाला. जाळी सैल टाकायची, मातीला पूर्ण चिकटली पाहिजे, आधी दगड वेचून उतार सपाट करून घ्यायचा, वर माथ्यावर फूटभर खोल चर खणून जाळीचं टोक त्यात पुरायचं, दोन पट्टे वीतभर एकमेकांवर चढवायचे आणि लोखंडी यू-खिळे हात आखडता न घेता ठोकायचे. दुसऱ्या वर्षी असं केलं आणि फरक लगेच दिसला.

फरक कसा दिसला ते सांगतो. जोराच्या पावसात ढिगाऱ्याच्या पायथ्याच्या नालीतून दोन बाटल्या भरल्या, एक जाळीच्या उताराखालची, एक उघड्या उताराखालची, आणि शेडमध्ये फळीवर ठेवल्या. सकाळी जाळीवालीच्या तळाला पातळसा थर होता आणि वरच्या पाण्यातून पलीकडचं कॅलेंडर दिसत होतं, दुसरी अजून चहासारखी, तीन दिवसांनी पण वरचं पाणी निवळलं नव्हतं. रेती काही मिनिटांत खाली बसते पण आपल्या काळ्या-पिवळ्या मातीचा चिकट बारीक कण बसायला दिवस घेतो, म्हणून गाळ एकदा पाण्यात उतरला की सेटलिंग टँक, म्हणजे गाळ खाली बसवायचा हौद, कितीही मोठा बांधा, धो-धो पावसात पाणी थांबतच नाही, तसंच पुढे जातं. खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्यात लिटरला 100 मिलिग्रॅमच्या वर तरंगता गाळ चालत नाही, 2000 सालापासूनचा नियम आहे. 100 मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मिठापेक्षाही कमी! एवढं कमी आणायचं तर माती उतारावरच धरून ठेवायला हवी.

जाळी दोन-तीन वर्षांत कुजते आणि तीच चांगली गोष्ट आहे, तोवर दिनानाथ गवत आणि वाळा मुळं धरतात, बी वाहून जात नाही, ओल टिकते. प्लास्टिकच्या जाळीचे तुकडे नाल्यात गेलेले मी पाहिलेत, ते नकोच. ज्यूट स्वस्त पडतं पण लवकर कुजतं, गवत नीट धरायच्या आत.

जिथे नुसते दगड आहेत तिथे ही जाळी घेऊच नका, मातीला टेकतच नाही. आणि माथ्यावरचं पाणी आधी नालीने बाजूला वळवलं नसेल तर 900 ची घेतली तरी वाहून जाईल. गारलँड ड्रेन, म्हणजे ढिगाऱ्याच्या सभोवतालची नाली, मे महिन्यात उपसलेली पाहिजे, ती गाळाने भरलेली असेल तर पाणी काठावरून थेट वावरात येतं, हे भोगलंय.

एक तक्रार. दुसऱ्या खेपेला 700 चे पैसे घेऊन सप्लायरने हलका माल पाठवला. हाताला पातळ लागला म्हणून मीटर बाय मीटर तुकडा कापून किराणा दुकानात वजन केला तर 500 ग्रॅमच्या आसपास, पूर्ण 700 भरायला हवा होता. बदलून दिला पण आठवडा गेला आणि तेवढ्यात पाऊस लागला. वजन वाळलेल्याच तुकड्याचं करा, ओला काथ्या फसवतो. अजून एक, पहिले दोन-तीन महिने बकऱ्या-गुरं वर जाऊ देऊ नका, खूर अडकून जाळी फाटते आणि जनावराचा पाय पण मोडू शकतो, गावात आधीच सांगून ठेवा.

जाळीला 5 पैकी 4. एक कापला कारण बसवायची रीत कुठल्याच रोलवर मराठीत लिहिलेली नसते आणि आमचं पहिलं वर्ष त्यातच गेलं. उरलेल्या उतारासाठी यंदा अजून 12 रोल सांगितलेत, 700 चेच, आणि ट्रकमधून उतरवायच्या आधी तराजू घेऊन उभा राहणार आहे.