छोट्या ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप : दुरुस्ती नीट झाली, वॉरंटी मात्र न पटणाऱ्या कारणाने नाकारली

माझ्या छोट्या ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप विक्रेत्याच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून घेतला. फिटरच्या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. लिफ्ट, म्हणजे या पंपाच्या तेलदाबावर अवजार उचलणारी यंत्रणा, पूर्वीसारखी उचलते आणि आवाजही पूर्ण गेला आहे. वॉरंटीचा दावा ज्या कारणाने आणि ज्या रीतीने फेटाळला गेला, ती रीत मात्र मला मान्य नाही.

ट्रॅक्टर वॉरंटीच्या मुदतीत होता. ५० तासांच्या पहिल्या सर्व्हिसिंगपासून ४०० तासांच्या सर्व्हिसिंगपर्यंत सगळी कामे याच सेंटरने केली होती, म्हणजे तेल आणि फिल्टर त्यांनीच पुरवलेले व त्यांनीच बसवलेले होते. ४०० तासांच्या सर्व्हिसिंगनंतर थोड्याच दिवसांत अवजार उचलताना लिफ्ट थरथरू लागली, इंजिन मंद असताना ती अर्ध्यावर अडकू लागली आणि पंपातून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. मीटरवर ४३८ तास असताना मी ट्रॅक्टर सेंटरला नेला.

त्याच्या आदल्या संध्याकाळी तेलाची पातळी पाहिली, तेव्हा पट्टीवरचे तेल दुधाळ दिसले. सहज म्हणून काचेच्या बाटलीत थोडे काढून ठेवले, आणि सकाळी पाहतो तो तेल स्वच्छ, पारदर्शक. तळाला पाण्याचा थेंबही नाही. या एका गोष्टीवर पुढचा सगळा वाद उभा आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. तेल दुधाळ दिसण्याची दोन कारणे असू शकतात. त्यात पाणी मिसळले असेल तर तो दुधाळपणा टिकून राहतो किंवा फार सावकाश पाणी तळाला बसते. पण पंपाच्या ओढणाऱ्या बाजूने, म्हणजे सक्शन पाइपच्या सांध्यातून, हवा आत खेचली जात असेल तर तेलात बारीक फेस होऊन ते तसेच दिसते, आणि स्थिर ठेवल्यावर हवा निघून जाऊन काही तासांत पूर्ववत होते. हवा मिसळलेले तेल ओढणारा पंप कण्हतो, लिफ्ट थरथरते आणि काही काळाने पंपाचा आतला पृष्ठभाग बारीक खड्डे पडून खवल्यासारखा होतो. माझ्या ट्रॅक्टरची लक्षणे नेमकी हीच होती.

चौथ्या दिवशी मिळालेल्या पत्रात लिहिले होते की तेलात पाणी आढळले, ट्रॅक्टर उघड्यावर ठेवल्याने किंवा दाबाच्या पाण्याने धुतल्याने असे होते, हा वापरकर्त्याचा निष्काळजीपणा आहे आणि म्हणून वॉरंटी लागू होत नाही. पाणी कोणत्या चाचणीने आढळले, असे विचारले तेव्हा ‘रंगावरूनच कळते’ असे उत्तर मिळाले. तेलाचा नमुना मागितला, तर सगळे तेल टाकाऊ तेलाच्या पिंपात ओतून झाले होते. वास्तविक तापलेल्या तव्यावर तेलाचा एक थेंब टाकला तरी पाणी असल्यास तो तडतडतो. प्रयोगशाळा हवीच असे नाही, पण एवढेही कोणी केले नव्हते. माझी बाटली पुढे केली, तेव्हा ग्राहकाने स्वतः काढलेला नमुना ग्राह्य धरता येत नाही असे सांगण्यात आले. तो नियम मला समजतो. मात्र त्याच नियमाने सेंटरने स्वतःचा नमुना राखून ठेवायला हवा होता.

खरी गंमत बिलात आहे. पंपाखाली ‘सक्शन पाइप ओ-रिंग, १ नग’ अशी नोंद आहे. हीच ओ-रिंग, म्हणजे सांधा हवाबंद करणारी रबरी कडी, नीट बसली नाही किंवा चिमटली, की सांध्यातून हवा शिरते. उलट, तेलात पाणी होते असे खरोखर वाटले असते तर ते कुठून शिरले हे शोधणे, ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे झाकण) आणि पट्टीचे सील तपासणे आणि गिअरबॉक्ससकट सगळी यंत्रणा धुऊन काढणे भाग होते, कारण या ट्रॅक्टरमध्ये गिअर, ब्रेक आणि हायड्रोलिक या तिन्हींना एकच तेल आहे. जॉब कार्डावर यांपैकी एकाही कामाची नोंद नाही. म्हणजे दुरुस्ती हवेची केली आणि नकार पाण्याचा लिहिला.

सर्व्हिस मॅनेजर बोलायला सौम्य होते. ‘साहेब, दावा आम्ही फक्त पाठवतो, मंजूर करणे कंपनीच्या हातात असते,’ असे त्यांनी दोनदा सांगितले. ते खरेही असेल, पण कंपनी तरी निर्णय घेते तो सेंटरच्या अहवालावर आणि सेंटरने काढलेल्या फोटोंवरच. क्लच प्लेट किंवा फिल्टर झिजला म्हणून मी कधी वॉरंटी मागितली नसती; हा भाग त्यांतला, म्हणजे नेहमीच्या वापराने झिजणारा, नव्हे.

चूक माझीही झाली. जॉब कार्डावर माझी तक्रार ‘लिफ्ट काम करत नाही’ एवढ्याच शब्दांत उतरवली गेली आणि मी न वाचता सही केली. आवाज कधीपासून येतो, शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, तेल कसे दिसत होते, हे सगळे त्याच वेळी लिहून घ्यायला लावले असते, आणि तेल माझ्यासमोर काढून सीलबंद नमुना दोघांच्या सहीने ठेवला असता, तर पुढचे पत्र इतक्या सहज लिहिता आले नसते.

कारागिरीला मी पाचपैकी चार गुण देईन, दाव्याच्या हाताळणीला एक, आणि तोही जुना पंप मागितल्यावर खळखळ न करता परत दिला म्हणून. त्याच्या आत गंजाचा ठिपका नाही, तेल आत येते त्या बाजूला मात्र धातू खवल्यासारखा झाला आहे. त्याचे फोटो, बिलाची प्रत आणि जॉब कार्ड जोडून मी कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज पाठवला आहे. पंप तपासणीसाठी मागितला तर द्यायला तयार ठेवला आहे, पुसलेलाही नाही.