कोठडीतील आरोपीसाठी मोफत वकील : सेवा उत्तम, खिडकीवरची माहिती अपुरी

चोरीच्या गुन्ह्यात अटक झालेल्या माझ्या मावसभावासाठी आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मोफत वकील मागायला गेलो होतो, त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे. मिळालेल्या वकिलाबद्दल मनापासून समाधान आहे. खिडकीवर मिळालेल्या वागणुकीबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने अर्ज हातात घेण्यापूर्वीच उत्पन्नाचा दाखला मागितला आणि त्यासाठी मावशीचे दोन दिवस सेतू केंद्राच्या रांगेत गेले. वास्तविक विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 मध्ये पात्र व्यक्तींचे जे वर्ग दिले आहेत, त्यांत महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांच्याबरोबर कोठडीत असलेली व्यक्तीही येते, आणि यांपैकी कोणालाही उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रातील वार्षिक 3 लाख रुपयांची मर्यादा लागते ती या वर्गांत न बसणाऱ्यांना, उदाहरणार्थ जामिनावर सुटलेल्या खुल्या प्रवर्गातील पुरुष आरोपीला. आणि त्याच्याही बाबतीत अविश्वासाचे कारण नसेल तर कलम 13 नुसार प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. आरोपीने स्वतःहून मागणी केली नाही म्हणूनही हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये सुक दास प्रकरणात सांगितले आहे. मग मागायला आलेल्यांना परत पाठवणे किती चुकीचे!

लोक अभिरक्षक कार्यालयातून (प्राधिकरणाच्या मोफत बचाव वकिलांचे कार्यालय) नेमलेल्या वकीलबाईंचे काम मात्र फार चोख होते. त्या कारागृहात जाऊन भावाला भेटल्या, दोषारोपपत्र त्याला ओळीने वाचून दाखवले आणि फिर्यादीत काळा असलेला मोबाइल पंचनाम्यात निळा झाला आहे, ही विसंगती पेन्सिलने अधोरेखित केली. फी तर नाहीच, प्रतींचा खर्चही त्यांनी घेतला नाही.

अर्ज करणाऱ्यांनी ‘कोठडीत असलेली व्यक्ती’ असे ठळक लिहून त्यासोबत गुन्हा क्रमांक आणि अटकेची तारीख द्यावी. कार्यालय दूर असल्यास विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करावा. दाखल्यासाठी अडवले गेल्यास कलम 12 चा उल्लेख करून थेट प्राधिकरणाच्या सचिवांना भेटावे. आम्ही तिसऱ्या दिवशी तेच केले आणि त्याच दुपारी वकील नेमल्याचे पत्र मावशीच्या हातात पडले.