ढिल्या तारांनी झाकलेली वाकडी मान : जुन्या बेस गिटारच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

गेल्या वर्षी मे महिन्यात धुळ्यातील एका गृहस्थाकडून मी 1,60,000 रुपयांना एक इलेक्ट्रिक बेस गिटार विकत घेतली. ती 1964 सालची फेंडर प्रिसिजन बेस असल्याचे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती अलीकडच्या काळातील स्वस्त नक्कल निघाली आणि तिची मान, म्हणजे नेक, कायमची वाकलेली होती. खानदेशात लग्नसमारंभांत आणि कानबाईच्या उत्सवात ऑर्केस्ट्रा वाजवणारे अनेक जण अशा जुन्या वाद्यांच्या शोधात असतात. त्यांच्यापैकी आणखी कोणी या जाळ्यात सापडू नये, एवढ्यासाठी मी हे लिहीत आहे.

मी भुसावळचा असून वीस वर्षे बेस वाजवतो. आमच्या यावलकडील केळीच्या बागेचे पैसे त्या वर्षी बरे आले आणि वडिलांनी स्वतःहून "आता तुझ्या मनासारखे वाद्य घे" असे म्हटले, त्यामुळे ही रक्कम माझ्या हाती आली. प्रिसिजन बेस लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे 1951 साली बाजारात आणली, 1957 साली तिला दोन भागांत विभागलेला पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारा भाग, मिळाला आणि जानेवारी 1965 मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेली. या शेवटच्या तारखेमुळेच 1964 आणि त्याआधीच्या वाद्यांना संग्राहक कितीतरी अधिक किंमत देतात. विकणाऱ्याने नेमके 1964 हे साल का निवडले असावे, हे मला आता कळते. "भाऊ, मुंबईच्या स्टुडिओत वाजलेले वाद्य आहे, आबा गेल्यापासून घरात याला हात लावणारे कोणी उरले नाही," असे तो म्हणाला, तेव्हा त्याच्या आवाजात मला खरेच दुःख जाणवले होते.

मी रंग पाहिला, डोक्यावरील नाव पाहिले, मागच्या पट्टीवरील क्रमांक पाहिला. वाद्य त्यानेच वाजवून दाखवले आणि ते सुरेल वाजले. बोटांखाली तारा मऊ लागत होत्या, फ्रेटपासूनची, म्हणजे मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांपासूनची, त्यांची उंचीही अगदी कमी होती. मी मोबाइलवरील ट्यूनर उघडू लागलो, तेव्हा "तुमच्यासारख्या तयार कानाच्या माणसाला यंत्र कशाला हवे?" असे म्हणून त्याने मला थांबवले आणि मीही थांबलो. सोबत दुसरे कोणतेही वाद्य वाजत नव्हते. बेसच्या चारही तारा सारख्याच खाली उतरवलेल्या असतील, तर त्यांचे आपसांतील अंतर बिघडत नाही आणि एकट्या वाद्यावर हा फरक सहज लक्षात येत नाही.

घरी येऊन कीबोर्डसोबत वाजवले, तेव्हा ई तारेतून डी स्वर निघत होता. प्रवासात तारा उतरल्या असतील असे समजून मी त्या योग्य स्वराला चढवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर बाराव्या फ्रेटवर तारा इतक्या वर आल्या होत्या की दाबताना स्वर बेसूर होत होता. मी फोन केला, तेव्हा विकणाऱ्याकडे उत्तर तयार होते: भुसावळच्या उन्हाने लाकूड हलले. हे उत्तर पटण्यासारखे होते, कारण पारा 45 अंशांपर्यंत जातो तेव्हा कोरड्या हवेने मान थोडी हलते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. परंतु तारांच्या ताणाविरुद्ध मान सरळ ठेवणारा तिच्या आतील लोखंडी दांडा, म्हणजे ट्रस रॉड, शाबूत असेल, तर असा फरक त्याच्या थोड्याशा फिरवण्याने निघून जातो. इथे रॉडचा नट जागचा हलेना.

त्याच माणसाने जुन्या साठ्यातील म्हणून मला 6,000 रुपयांना फ्लॅटवाउंड तारांचा एक संचही विकला होता. त्या काळात बेसवर सपाट पट्टीच्या वेष्टनाच्या अशाच तारा सर्रास असत आणि गोल तारेच्या वेष्टनाच्या, चकचकीत आवाजाच्या राउंडवाउंड तारा साठच्या दशकात रूढ होत गेल्या, हे खरे असल्यामुळे मला शंका आली नाही. दोष मूळच्या तारांचा असेल असे वाटून मी त्या चढवल्या, पण मान होती तशीच राहिली. शेवटी अमळनेरला हार्मोनियम आणि गिटार दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिरांकडे वाद्य नेले. त्यांनी ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरायला लावली. चांगल्या मानेत अशा वेळी आठव्या फ्रेटजवळ तारेखाली जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर फट असावी. तिथे त्यांनी रुपयाचे नाणे सहज सरकवून दाखवले. "भाऊ, हाई मान वाकी जायेल शे," एवढेच ते म्हणाले.

मग त्यांनी भिंगातून तारा पाहिल्या. खऱ्या फ्लॅटवाउंडवर नख फिरवले तर ते अडकत नाही. इथे ते वेढ्यावेढ्याला अडकत होते आणि पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने पॉलिश पेपरचे बारीक ओरखडे होते. खुंटीकडच्या टोकांना पूर्वी गुंडाळल्याचे पीळ राहिलेले होते. म्हणजे त्या वापरलेल्या साध्या राउंडवाउंड तारा होत्या, घासून गुळगुळीत केलेल्या.

चार स्क्रू काढून मान वेगळी केली, तेव्हा बाकीचेही उघडे पडले. 1962 पासून फेंडर मानेच्या बुडावर महिना आणि वर्ष यांचा शिक्का मारत असे. इथे ताजे घासलेले, चहासारख्या रंगाने काळवंडवलेले लाकूड होते. आतील पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर, 137 किंवा 304 या निर्मात्याच्या अंकांनी सुरू होणारा आणि पुढे वर्ष व आठवडा सांगणारा आकडा असायला हवा होता, उदाहरणार्थ 1376420 म्हणजे 1964 चा विसावा आठवडा. त्या जागी फक्त बी250के असे छापलेले होते. जुन्या वाद्यात पॉट नंतर बदललेले असू शकतात, म्हणून केवळ त्यावरून निकाल देता येत नाही. मात्र शिक्का, लाकूड आणि पॉट ही तिन्ही एकाच दिशेने बोलू लागली, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

ढिल्या तारांचे गणित मला कारागिरांनीच समजावले. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे चारही तारा एक पूर्ण स्वर खाली घेतल्या की ताण सुमारे 20 टक्क्यांनी घटतो. त्यातच तारा पातळ होत्या. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळून संपलेला होता आणि एवढ्याच ताणाखाली ती मान सरळ उभी राहत होती.

म्हणून जुनी बेस पाहायला जाताना स्वतःचा ट्यूनर न्यावा, ई, ए, डी, जी असे स्वर स्वतः लावावेत आणि वाद्य किमान अर्धा तास तसेच ठेवून मग मान पाहावी. तारा कोणत्या जाडीच्या आहेत, हे विचारावे. फ्लॅटवाउंड लावायच्या असतील, तर फ्लॅटवाउंडचे काही जाड संच साध्या संचापेक्षा मानेवर बराच अधिक भार टाकतात, हे लक्षात घेऊन आधी रॉड दोन्ही दिशांना फिरतो का ते पाहावे; जुन्या मानेवर कमी ताणाचा संचच बरा. खुंट्यांजवळ तारा जिच्यावरून जातात त्या खाचांच्या पट्टीपासून (तिलाही नटच म्हणतात) बाराव्या फ्रेटपर्यंत 17 इंच भरले, तर वाद्याच्या तारेची वाजणारी लांबी 34 इंच आहे. ते अंतर कमी भरले, तर लांब वाद्याच्या तारा घेऊ नयेत, कारण त्यांचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जाऊन तार तुटू शकते. आणि मान उघडून पाहू न देणाऱ्याकडून वाद्य घेऊच नये.

पोलीस ठाण्यात मी लेखी अर्ज दिला आहे. परंतु 1,00,000 रुपये मी रोख दिले होते आणि पावतीवर त्याने "एक जुनी गिटार" एवढेच लिहिले होते; कंपनीचे नाव नाही, साल नाही. पावतीवर हे दोन्ही शब्द लिहून घ्यायचे मला सुचले नाही आणि आज माझ्या बाजूने पुरावा म्हणून केवळ बँकेतून पाठवलेल्या 60,000 रुपयांची नोंद आहे.

वाद्य विकून टाक, असे मित्र सुचवतात. मी ते विकणार नाही. मान पुन्हा बसवण्यापूर्वी तिच्या बुडावर, जिथे शिक्का असायला हवा होता, तिथे मी पेन्सिलीने लिहिले आहे: "ही नक्कल आहे, रॉड संपलेला आहे." खाली तारीख घातली आहे.