ग्लॉक १७ जेन ५ घरासाठी: आठ महिने आणि सुमारे दोन हजार गोळ्यांनंतर

घराच्या रक्षणासाठी ग्लॉक १७ जेन ५ (म्हणजे पाचव्या पिढीचं), ९ मिमीचं मोठ्या मापाचं पिस्तूल घेतलं. आधी कायद्याचं. हा अनुभव अमेरिकेतला आहे. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल आणि वय २१ पूर्ण असेल, तर दुकानात फॉर्म ४४७३ भरून, पार्श्वभूमी तपासून पिस्तूल मिळतं. एच-१बीवर असाल तर संघराज्याच्या कायद्याने पिस्तूल घेणं आणि जवळ बाळगणं दोन्ही बंद आहे. राज्याचा शिकारीचा परवाना हा एक अपवाद असतो, पण त्या वाटेला वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलामागे खरेदीचा वेगळा परवाना लागतो. तिथे मॅगझिनही (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) १० गोळ्यांचंच चालतं, त्यामुळे खाली जिथे सतरा गोळ्या लिहिल्यात तिथे न्यू जर्सीवाल्यांनी १० वाचावं. भारतात नागरिकाला ९ मिमीचं पिस्तूल मिळत नाही, तिथली चर्चा बहुतेक वेळा .३२ बोरच्या पुढे सरकत नाही. त्यामुळे गावाकडच्या अनुभवी माणसाचा सल्ला इथे फारसा उपयोगी पडत नाही.

आता मूळ मुद्दा. मोठ्या मापाचं पिस्तूल म्हणजे जास्त ताकदीचं, हा समज चुकीचा. ग्लॉक १७ ची नळी ११४ मिमी, त्याच्याच लहान भावाची, ग्लॉक १९ ची, १०२. या १२ मिमीने घरातल्या अंतरावर गोळीच्या कामात काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो हाताला. पूर्ण मुठीत करंगळीसकट सगळी बोटं बसतात, पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर जास्त असल्याने नेमातली चूक आधी दिसते, आणि वजनामुळे धक्का कमी लागतो. रिकाम्या मॅगझिनसह ते साधारण ७०० ग्रॅम भरतं, एकूण लांबी २०२ मिमी. कंबरेला लपवून फिरायचं नसेल तर लहान पिस्तूल घेण्याचं एकही कारण उरत नाही.

तरीही दुकानदार बायकांच्या हातात हमखास लहान पिस्तूल ठेवतात, ‘तुमच्या हाताला हे बरं’ म्हणून. नेमकं उलटं आहे. लहान पिस्तुलाची स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) हलकी असते, म्हणून तिची स्प्रिंग कडक ठेवावी लागते. त्यामुळे स्लाइड मागे ओढायलाही जड आणि पिस्तूल झाडल्यावर उसळतंही जास्त. घरात दोन प्रौढ माणसं एकच पिस्तूल वापरणार असतील, तर ज्याचे हात लहान आणि मनगट कमजोर त्यानेच ते निवडावं. मोठ्या हाताच्या माणसाला मग तेच चालतं. उलट केलं तर चालत नाही.

काउंटरवर तीन गोष्टी बघायच्या. पहिली, स्लाइड. डाव्या हाताने नुसती ओढू नका. पिस्तूल छातीजवळ घ्या, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, स्लाइड वरून चारही बोटांनी पकडा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. ‘मला जमतच नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांना या पद्धतीने जमतं. दुसरी, चापापर्यंतची पोच. अंगठा आणि तर्जनीमधला खळगा मुठीच्या अगदी वर दाबून बसवा, नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत ठेवा. आता तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी चापाच्या मध्यावर यायला हवी. नुसतं टोक पोचत असेल तर गोळ्या एका बाजूला जातील. तिसरी, पकड न सोडता अंगठा मॅगझिनच्या बटणापर्यंत पोचतो का ते.

जेन ५ सोबत मुठीच्या मागे लावायच्या पट्ट्या येतात. पट्टी न लावता मूठ सर्वांत आखूड असते, मधली पट्टी २ मिमी वाढवते, मोठी ४. पट्टी बसवताना मागची पिन काढून पेटीतली लांब पिन घालायची, जुनी आखूड पिन चालत नाही. लहान हातांसाठी पट्टीविनाच ठेवा. जेन ४ मधल्या बोटांच्या खाचा जेन ५ मध्ये काढून टाकल्यात, हे उत्तम झालं, कारण त्या खाचा कुणाच्या बोटांना नीट बसत होत्या ते देवच जाणे. स्लाइड अडकवण्याची कळ आता दोन्ही बाजूंना आहे. मॅगझिनचं बटण मात्र डावखुऱ्यांना काढून दुसऱ्या बाजूला लावावं लागतं.

तुलनेला तीन पिस्तुलं होती. स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी ९ २.०, हे हातात जास्त गोड बसतं, मुठीचा कोनही बऱ्याच जणांना सरळ वाटतो. ग्लॉकची मूठ जास्त तिरकी असल्याने सुरुवातीला नळी वर बघते, ती सवय लागायला दोनेकशे गोळ्या जातात. बेरेटा ९२ एफएस सुंदर आहे, धक्का नावालाच. पण ते ९०० ग्रॅमच्या वर जातं, मूठ जाडजूड, पहिला चाप लांब आणि जड, नंतरचे हलके, म्हणजे शिकायला दोन चाप. शिवाय सेफ्टी स्लाइडवर असल्याने घाईत स्लाइड ओढताना ती नकळत खाली दाबली जाऊ शकते. सीझेड एसपी-०१ पूर्ण पोलादी, रेंजवर त्याच्यासारखं सुख नाही, पण किलोच्या वरचं वजन सगळ्यांना झेपत नाही. ग्लॉक जिंकलं ते प्रत्येक वेळी एकसारखा लागणारा चाप, स्वस्त सुटे भाग आणि कुठेही मिळणारी मॅगझिन यांमुळे. देखणेपणाचे गुण शून्य.

चाप साडेपाच-सहा पाउंडांचा आहे. आधी मोकळी चाल, मग स्पष्ट भिंत, मग तुटतो. बाजारात हलके चाप मिळतात, घरच्या पिस्तुलाला ते लावू नका. बाहेरून लावायची सेफ्टी यात नाही. आतल्या तिन्ही सेफ्टी पिस्तूल पडलं तर वाचवतात, चापावर बोट किंवा पडद्याची दोरी गेली तर नाही. म्हणून हे पिस्तूल सेफमध्येही, म्हणजे तिजोरीतही, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक म्यानातच ठेवायचं.

साफसफाईसाठी उघडताना चाप दाबावाच लागतो, आणि अपघात इथेच होतात. क्रम असा: आधी मॅगझिन बाहेर. मग स्लाइड तीनदा ओढायची, मागे अडकवायची, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी) डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर जुनं काडतूस पडतं आणि त्याच झटक्यात नवीन चेंबरमध्ये चढतं. ‘एक पडलं ना, म्हणजे रिकामं’ असं वाटतं, आणि भिंतीला भोक पडतं. रिकामं असल्याची खात्री झाली की नळी सुरक्षित दिशेला धरून चाप दाबा, स्लाइड तीनेक मिलिमीटर मागे घ्या, दोन्ही बाजूंच्या खाचांतली कळ खाली ओढा, स्लाइड पुढे निघून येते. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत.

तेल फार लागत नाही. स्लाइड ज्यांवर सरकते त्या चार रेल्सवर एकेक थेंब, नळीच्या बाहेरून पुसट हात, आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात चापाची पट्टी कनेक्टर नावाच्या छोट्या पत्र्याला घासते तिथे एक थेंब. बस्स. स्ट्रायकरच्या (काडतुसावर ठोका मारणाऱ्या सळईच्या) भोकात तेल घालू नका, तिथे काजळी आणि तेलाचं गोंद होतं आणि ठोका हलका पडतो. नवीन पिस्तुलाच्या स्लाइडमध्ये तांबूस ग्रीस असतं, ते पुसू नका, पहिल्या काहीशे गोळ्यांना ते उपयोगी पडतं.

आतापर्यंत ११५ आणि १२४ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या साध्या, म्हणजे पूर्ण आवरणाच्या सुमारे १८०० गोळ्या आणि पोकळ टोकाच्या २०० झाल्या. अडकलं चार वेळा. दोनदा रिकामी पुंगळी स्लाइडच्या तोंडात उभी राहिली, दोन्ही वेळा पकड सैल होती. मूठ हातातच मागे गेली की स्लाइडला टेकायला भक्कम आधार उरत नाही, ती पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर फेकली जात नाही. उरलेल्या दोन वेळा दोष दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त मॅगझिनचा होता, शेवटचं काडतूस नाक खाली करून अडकायचं. ते मॅगझिन आता फक्त सरावाला. घरच्यासाठी मूळ कंपनीचीच मॅगझिन, आणि त्यांच्या बुडावर रंगाने क्रमांक घाला, म्हणजे त्रास देणारं कोणतं ते कळतं. नव्या मॅगझिनमध्ये सतरावी गोळी भरताना अंगठा रडतो, सोबतचा लोडर वापरा. पूर्ण भरलेलं मॅगझिन स्लाइड बंद असताना नीट बसत नसेल तर १६ भरा.

सेफमधल्या पिस्तुलात फेडरल कंपनीच्या एचएसटी गोळ्या, पोकळ टोकाच्या, १२४ ग्रेन. पोकळ टोकाची गोळी अंगात फुलते आणि आरपार जाण्याची शक्यता कमी होते. एफबीआयची कसोटी अशी, की चाचणीच्या जिलेटिनमध्ये गोळी १२ ते १८ इंच आत जायला हवी. पण त्यावर विसंबू नका. ड्रायवॉलमधून (घराच्या आतल्या जिप्समच्या भिंतीतून) जाताना ती पोकळी जिप्समने भरते, मग ती साध्या गोळीसारखीच पुढे पळते. अमेरिकन घराची आतली भिंत म्हणजे अर्धा-अर्धा इंचाचे जिप्समचे दोन पत्रे आणि मध्ये हवा. चुकलेली गोळी अशा अनेक भिंती पार करते. त्यामुळे झोपण्याच्या खोलीच्या दारातून कोणत्या दिशेला मुलांची खोली येते आणि टाउनहाउसमध्ये कोणती भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे, हे दिवसाउजेडी नुसता टॉर्च हातात घेऊन बघून ठेवा. काही दिशांना गोळी झाडायचीच नाही, हे आधी ठरलेलं हवं. बेत एवढाच: सगळे एका खोलीत, दार बंद, ९११ लावलेला, पिस्तूल दाराकडे. घरभर शोधत फिरायचं नाही.

एक बारीक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रोज पिस्तूल रिकामं करून पुन्हा तेच काडतूस चेंबरमध्ये चढवलं, की दर वेळी रॅम्पवर (चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) आपटून गोळी पुंगळीत किंचित आत दबते. आतली जागा कमी झाली की झाडताना दाब धोकादायक वाढतो. चढवलेलं काडतूस डब्यातल्या नव्याशेजारी उभं करून उंची ताडून बघा. बुटकं दिसलं तर बाजूला काढा, ते झाडूही नका. त्यापेक्षा मॅगझिन भरलेलं आणि चेंबर रिकामं, किंवा भरलेलं ठेवून हात न लावणं, यांपैकी एक ठरवून टाका.

दिवा हवाच. स्ट्रीमलाइट टीएलआर-१ एचएल लावलाय, १००० लुमेन, दोन सीआर१२३ए बॅटऱ्या. पांढऱ्या भिंतीवर मारला तरी परत येणाऱ्या उजेडात अख्खी खोली दिसते. पण पिस्तुलावरच्या दिव्याने बघायचं म्हणजे ज्याच्यावर उजेड पडतो त्याच्यावर नळीही रोखलेली असते, मग तो रात्री पाणी प्यायला उठलेला मुलगा का असेना. म्हणून सेफशेजारी साधा हातातला टॉर्च वेगळा. दिव्यासकट म्यान वेगळं लागतं, साध्यात ते बसत नाही. रेंजवर जाण्याआधी दिव्याच्या काचेवर ओठांना लावायचं मेण चोळा, काजळी नंतर कापडाने निघते.

मूळ माशी आणि खाच प्लॅस्टिकच्या आहेत, कडा झिजतात. पोलादी, अंधारात चमकणाऱ्या ट्रिटियमच्या घातल्या. पुढच्या माशीला ३/१६ इंची पातळ नटड्रायव्हर लागतो, मागच्या खाचेला ढकलयंत्र, ते काम गनस्मिथकडूनच करून घेतलेलं बरं. ट्रिटियमची चमक बारा-साडेबारा वर्षांत निम्मी होते.

पैसे वाचवायचे तर पिस्तुलात वाचवा, सेफमध्ये नाही. पहिला सेफ बोटाच्या ठशाचा घेतला होता. कोरड्या स्वच्छ बोटाला उघडायचा, कणीक मळलेल्या किंवा ओल्या हाताला दहातून चारदा नाही. आता यांत्रिक बटणांचा, बॅटरीविना चालणारा, पलंगाशेजारच्या कपाटात आतून चार बोल्टांनी लाकडाला आवळलेला. बोल्ट नसेल तर तो सेफ चोरासाठी पिस्तूल पॅक करून ठेवल्यासारखा. अंधारात डोळे मिटून उघडायचा सराव हवा, पाचेक सेकंदांत जमायला हवं. ‘मुलांना माहीतच नाही कुठे आहे’ हे कुलूप नव्हे. दिवाळीला घर पाहुण्यांनी भरतं आणि पोरं सगळी कपाटं उघडतात.

सेफवरच इलेक्ट्रॉनिक कानपट्ट्या टांगल्यात. बंद खोलीत ९ मिमीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, एकाच गोळीत कान कायमचा बिघडू शकतो. या कानपट्ट्यांत पावलं आणि बोलणं ऐकू येतं, फक्त स्फोट दबतो. वेळ मिळाला तर घालायच्या.

खर्च असा: पिस्तूल ६०० डॉलरच्या आत, सेफ २५०, दिवा दीडशेच्या आसपास, म्यान ७०, माशी-खाच बसवणावळीसह १५०. सगळ्यात जास्त गेले सरावाच्या गोळ्यांवर. महिन्याला २०० पुरेशा, त्याच्या जोडीला घरी स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घालून रोज दहा मिनिटं कोरडा सराव. रेंजवरून आल्यावर खाण्याआधी हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवायचे, शिसं असतं. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुढे आणणारी) पाच हजार गोळ्यांच्या सुमारास बदलणार.

सांधेदुखीमुळे वरची पद्धत वापरूनही स्लाइड ओढता येत नसेल, तर हे पिस्तूल घेऊ नका. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड मुद्दाम अशा हातांसाठी बनवलंय. ते मोठ्या मापाचं नाही, पण तिथे लहान मापाचा आग्रह चुकीचा ठरत नाही.