निळा लिंकिया, लाल फ्रोमिया की तपकिरी सर्पंट?

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकला वर्ष झालं, पाणी बसलं, कोरल फुलायला लागले की तारामाशाची हुक्की येतेच. मलाही आली. माझा टँक चार फुटी, तीनशे-एक लिटरचा, सगळे मऊ कोरल. (दगडी कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कडक संरक्षणात आहेत, त्या वाटेला मी गेलो नाही.) सहा वर्षांत चार प्रकारचे तारे आणून झाले. आज त्यातला एक आहे.

सुरुवात सगळे करतात तीच केली, निळ्या लिंकियापासून. तो निळा फोटोत येत नाही, समोर बघावा लागतो. दुकानदार म्हणाला, "याला काही घालावं लागत नाही, काचेवरचं खातो." चार महिने तो खरंच काचेवर फिरला. बहिणीची मुलगी घरी आली की आधी तो कुठल्या काचेवर आहे ते शोधायची आणि मग चप्पल काढायची. पाचव्या महिन्यात एका हाताचं टोक पांढुरकं दिसलं. म्हटलं, कुठे घासलं असेल. दुसऱ्या दिवशी हात मुळाशी उसवला होता आणि तिसऱ्या दिवशी बाहेर काढताना बोटांत नुसता लिबलिबीत चोथा आला.

चूक माझी असू शकते, नाही म्हणत नाही. दुकानातल्या पाण्याचा खारेपणा घनतेच्या मापात 1.020 होता आणि माझ्या पाण्याचा 1.025. नव्या पाण्याची सवय लावायचं काम मी अर्ध्या तासात उरकलं होतं. ताऱ्याच्या अंगातलं पाणी म्हणजे जवळजवळ समुद्राचंच पाणी. बाहेरची क्षारता बदलली की आतली सावरून धरायची सोय त्याच्याकडे नाही. म्हणून दुसरा लिंकिया आणला तेव्हा हवेच्या पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून तीन तास थेंब-थेंब पाणी सोडलं, अख्खा रविवार बादलीपाशी बसून काढला. तो सात महिने टिकला आणि मग तसाच गेला.

माझं मन उडालं ते तो मेला म्हणून नव्हे, मासे मरतातच. मासा उपाशी असला की पोट आत जातं, पाठ खप्पड होते, आपल्याला कळतं. ताऱ्याच्या कातडीत चुन्याच्या तकट्या असतात. आतून रिकामा होत आला तरी बाहेरून आकार बराच काळ तसाच राहतो. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी त्याच्याकडे कौतुकाने बघत होतो आणि तो बहुधा तेव्हाही उपाशीच होता. बरं, कळलं असतं तरी घालणार काय? दगडावरचा जो पातळ थर तो चरतो तो डबीत मिळत नाही. पुरा वाढलेला लिंकिया या टोकापासून त्या टोकापर्यंत 30 सेंटीमीटर भरतो. त्याला चरायला आपले दहा-पंधरा दगड कुठे पुरणार?

फ्रोमिया त्यामानाने शहाणा पर्याय. लहान, लाल-केशरी, कोरलच्या वाटेला जात नाही. माझा चौदा महिने राहिला. टँक जुना असेल, दगड भरपूर असतील, तर त्याहून जास्तही राहील. पण पोटाचा हिशोब तोच, आणि शेवटी गेला तोही टोकापासूनच.

वाळू उकरणाऱ्या ताऱ्याबद्दल फार लिहीत नाही. ओहोटीला जुहूच्या ओल्या वाळूत चांदणीसारखे ठसे दिसतात ना, त्याच अ‍ॅस्ट्रोपेक्टन कुळातला तो. वाळू स्वच्छ ठेवतो म्हणून विकतात. प्रत्यक्षात वाळूतले जीव खाऊन संपवतो आणि मग वाळूतच उपाशी मरतो, तेही आपल्याला न दिसता. चॉकलेट चिप नावाचा तारा कोरल खातो, त्याचं नावच काढू नका. दगडांबरोबर फुकट येणारे नखाएवढे अ‍ॅस्टरिना तारे मी तसेच ठेवले आहेत.

आता सर्पंट स्टार. शास्त्राच्या हिशोबाने हा तारामासा नव्हेच, चुलत घराणं. रंग मातीचा, दिवसभर दगडाखाली, पाहुण्यांना दाखवायला शून्य. पण स्वयंपाकघरातून कोलंबीचा शेंगदाण्याएवढा तुकडा चिमट्यात धरून दगडापाशी नेला, की आधी एका हाताचं टोक बाहेर येतं, पाण्यात थरथरतं, वास घेतल्यासारखं इकडेतिकडे होतं. मग तुकड्याला वेटोळं पडतं आणि तुकडा आत जातो. आठवड्यातून दोनदा. आला नाही तर काहीतरी बिनसलंय, हे मला त्याच दिवशी कळतं. माझ्याकडे चौथं वर्ष चालू आहे. एकदा हाताचं टोक तुटलं होतं, तेही परत आलं.

घेताना रंग मात्र बघून घ्या. हिरवा, हातांवर काटे असलेला ब्रिटल स्टार कधीकधी याच नावाने गळ्यात मारतात. तो रात्री हातांवर उभा राहून कमान करतो, मासा आडोसा समजून खाली शिरला की वरून बसतो. माझे दोन क्लाउन मासे कुठे गेले ते असंच उशिरा कळलं. सर्पंटचे हात गुळगुळीत असतात.

एवढं वाचूनही निळाच हवा असेल तर माझी ना नाही, मीही दोनदा घेतलाच. पैसे आगाऊ देऊन दुकानातच दोन आठवडे ठेवायला सांगा. नेताना पाण्यातच उलटा करायला लावा. तब्येतीचा असेल तर हळूहळू स्वतःच सुलटा होतो. खालच्या बाजूला छोटी शंखासारखी गोगलगाय चिकटलेली दिसली तर तो तारा घेऊ नका, ती त्याच्याच अंगावर जगते.