तान्ह्या बाळाची कार सीट: चार महिन्यांच्या वापरानंतर

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावाहून बाळाला यवतमाळला डॉक्टरांकडे नेताना आजीची मांडी हीच सर्वांत सुरक्षित जागा, असे घरात सारेच मानत होते. परंतु गाडी धडकल्यास कोणाचेही हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून आम्ही १३ किलोपर्यंतच्या बाळासाठीची, ईसीई आर४४/०४ या युरोपीय सुरक्षा मानकाची, बाळाचे तोंड मागे राहील अशी सीट घेतली. आमच्या जुन्या गाडीत आयसोफिक्स (बाळाची सीट थेट अडकवण्यासाठी गाडीतच बसवलेली कडी) नसल्याने ती मागच्या आसनावर सीटबेल्टनेच आवळावी लागते, आणि पहिल्यांदा त्यात माझा अर्धा तास गेला. दुकानदाराने तर ती एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावरच लावून दाखवली होती, जे तान्ह्या बाळासाठी जीवघेणे ठरू शकते. शिवाय माहितीपुस्तिकेत मराठीच काय, हिंदीही नव्हती.

खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता येणार नाही इतका नीट घट्ट होतो, ही या सीटची खरी जमेची बाजू. दुपटे मात्र पट्टे लावल्यानंतर वरूनच पांघरावे. कापड काळे आहे, ही तक्रार राहीलच: मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बकलाचा नुसता चटका बसतो, त्यामुळे मी सीटवर आजोबांचे पांढरे धोतर टाकून ठेवतो आणि बाळाला बसवण्यापूर्वी बकलाला हात लावून पाहतो.